पाठमोरं बसायला शिकलो तेव्हा

आमच्या मंडळीत दर रविवारी उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायची वेळ असते. कुणाला प्रभूने आजारातून उठवलं, कुणाचं अडलेलं काम मार्गी लागलं, तो उठून सांगतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. या कामात मी पटाईत होतो. आवाज मोठा, प्रार्थना लांब, आणि डोळ्यांत पाणीही वेळेवर येणारं. बायको म्हणायची, तुमचं आमेन होईपर्यंत वरण गार होतं. त्या साक्षींपैकी एक मी इतक्या वेळा दिली की शाळेतल्या पोरांनाही ती तोंडपाठ झाली होती. भूकंपात सगळीकडे नाश झाला, पण त्या नाशातून देवाने मला एक पांढरी घोडी दिली, अशी ती साक्ष. तिच्यात एक अक्षर खरं नव्हतं. घोडी देवाने दिली नव्हती, मी चोरून आणली होती. चोरीवर देवाची सही मारली, हे त्याहून वाईट. आता वय झालं आहे. खरं काय घडलं ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

माझे वडील लातुरात एका मिशन दवाखान्याचा टांगा हाकायचे. घोडा आमच्या घरातलाच माणूस होता म्हणा ना. पुढे रस्त्यावर टमटम आल्या आणि टांग्यात बसायला कुणी उरलं नाही. मी वरातीसाठी एक घोडा ठेवला, तोही भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात पोटशूळाने गेला. रिकामा तबेला बघवत नव्हता. देवावर रुसलोही होतो. त्याच्या घरात इतकी सेवा करतो, पोरांना रविवारी शास्त्र शिकवतो, आणि माझंच दावं रिकामं का, असं मनात सारखं चालायचं.

मग पहाटे तो भूकंप झाला. आमच्या मंडळीने घोंगड्या आणि कपडे भरून एक टेम्पो पाठवला, त्यात मीही होतो. काय पाहिलं ते इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. परत निघताना वाटेत जनावरांची छावणी लागली. ढिगाऱ्यातून वाचलेली, कुणी विचारायला न आलेली गुरं तिथे बांधली होती. त्यांत कडेला, लिंबाच्या झाडाखाली ही घोडी उभी होती. तोंडात लगाम नव्हता, नुसती दोरीची म्होरकी, आणि तिला लाल लोकरीचा गोंडा. मी जवळ गेलो तर तिने मान पुढे केली. झोपेविना डोळे तारवटलेला कारकून वही घेऊन आला. "तुमची का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "हो." गावाचं नाव विचारलं, तर येताना रस्त्याच्या पाटीवर वाचलेलं नाव सांगितलं आणि गिचमिड सही केली. माझ्याच मंडळीच्या घोंगड्या वाटून रिकाम्या झालेल्या टेम्पोत मी ती घोडी चढवली. सोबतच्यांना म्हणालो, एका म्हाताऱ्याने हात जोडून सांभाळायला दिली. लातूर येईपर्यंत तो म्हाताराही गळाला आणि फक्त देव उरला.

तिचं नाव मी रेश्मा ठेवलं. दिसायला देखणी, चाल एकसारखी, पण हलगी वाजली की पार बदलायची. ढोल वाजला की जमीन हादरते, आणि ती हादरा ओळखत होती. चारी पाय फाकून उभी राहायची, अंगावर काटा, नजर खाली मातीवर. मला हे कळत नव्हतं असं नाही, पण वरातीची घोडी बँडला घाबरून कसं चालेल? मी लोहाराकडून काटेरी लगाम करून घेतला. त्याच्या तोंडातल्या दांडीला बारीक टोकं असतात. ओढ दिली की जिभेत रुततात, आणि त्या वेदनेपुढे जनावर दुसरी भीती विसरतं. ती विसरली नाही, फक्त हलायची थांबली. लोक म्हणाले, काय गुणी घोडी आहे. रविवारी मी पोरांना प्रभूच्या सौम्यतेवर धडा शिकवायचो आणि सोमवारी लग्नाची तिथ असली की तो लगाम तेल लावून पुसायचो.

त्याच काळात लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पाट्या, जिकडेतिकडे पाठीवर दप्तर घेतलेली परगावची पोरं, घरोघरी मेस. निकाल लागला की क्लासवाले बोर्डाच्या यादीत आलेल्या पोरांची वाजतगाजत मिरवणूक काढायचे. भूकंपानंतरच्या तिसऱ्या वर्षी एका क्लासने माझी घोडी सांगितली. वर बसणार होती किनवटकडच्या जंगलातल्या वस्तीवरची, आश्रमशाळेतून इथवर आलेली सुवर्णा नावाची मुलगी. पांढरी ओढणी, गळ्यात हार, आणि चेहऱ्यावर आनंदापेक्षा संकोच जास्त.

चौकात फटाक्यांची माळ लावली आणि हलगीवाले चेकाळले. घोडी जागच्या जागी थरथरायला लागली. मी लगाम खेचला, मग आणखी खेचला. तिच्या तोंडातून फेस आला, तो लाल होता. तिने मान झटकली तसे त्याचे शिंतोडे सुवर्णाच्या ओढणीवर उडाले. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काका, तिला लागतंय. मला उतरवा ना." मी म्हणालो, "काही होत नाही, तू हस, फोटो काढतायत." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई धावत आली. पन्नाशीची असेल, एका पायाने लंगडत होती, हाताला पीठ तसंच. ती मेस चालवायची आणि सुवर्णा तिच्याकडे जेवायची, हे मला नंतर कळलं. बाईने आधी घोडीकडे पाहिलं. मग झटकन लगाम धरणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांतलं काहीतरी एकदम विझलं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. ती घोडीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, तिच्याकडे पाठ केली आणि हळू म्हणाली, "मैने. ए मैने. मी हाय इथं."

घोडीचे कान वळले. तीन वर्षांत मी ते कान असे वळलेले पाहिले नव्हते.

"लगाम काढा आधी," बाई मला म्हणाली. "रगत येऊन राहिलंय तिच्या तोंडातनं, दिसंना का तुमाला?"

"लगाम काढला तर उधळेल बाई, वर पोरगी आहे."

"न्हाई उधळत. काढा."

सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. मी लगाम काढला. बाईने आपला पदर घोडीच्या मानेवरून घेतला आणि मागे न बघता चालायला लागली. हलगी वाजत होती, फटाके फुटत होते, आणि घोडी तिच्या खांद्याला नाक लावून मागोमाग जात होती. सुवर्णा वर बसून आता खरंच हसत होती. मी हातात तो रक्ताळलेला लगाम घेऊन मागून चालत होतो. लोकांना वाटलं, हा मिरवणुकीचाच भाग आहे.

बाई तशीच माझ्या घरापर्यंत आली. हळद आणि खोबरेल मागून घेतलं, घोडीच्या तोंडाला लावलं, आणि मग मला विचारलं, "दादा, ही तुमच्याकडं कशी आली?" तिचं नाव गयाबाई. भूकंपात गेलेल्या एका गावची, बौद्ध वस्तीतली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. त्या क्षणी खरं बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मी म्हणालो, "माळेगावच्या जत्रेत विकत घेतली."

"कुणाकडनं?"

"होता एक माणूस."

ती एक पाऊल पुढे आली. "उंच होता का? डाव्या हाताची करंगळी नव्हती का त्याला?"

ती कधी जाते असं मला झालं होतं. मी म्हणालो, "असेल. नसेल करंगळी."

गयाबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, घोडीसाठी रडतेय. मी तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळचे डबे पोचवून झाले की यायला लागली. घोडी न्या म्हटलं तर म्हणाली, "एका खोलीत मेस हाय माझी, ठिवू कुठं? तुमच्याकडंच राहू द्या. पण लगाम न्हाई." घोडी गयाबाईचा आवाज ओळखत होती, पण तोंडाजवळ हात नेला की अजूनही दचकून मागे सरायची. गयाबाई काय करायची, तर अंगणात घोडीकडे पाठ करून बसायची आणि सुपात मेसची डाळ निवडायची. बोलावणं नाही, चुचकारणं नाही. घोडी मागे मोकळी. मी म्हणालो, "अक्का, लाथ घालील ना."

"घालू शकतीया, तेच तर," ती खडे वेचत म्हणाली. "टक लावून बघितलं की जनावराला वाटतं, धराया आलं. पाठ दिली की त्याला कळतं, ह्यानं सोताला माझ्या हवाली केलंय. मंग ते इचार करतं. आमच्या मालकानं ही अशीच लहानाची मोठी केली. तोंडात लोखंड कधी घातलं न्हाई."

मग तिने ते सांगितलं. त्यांच्या गावात त्यांच्या वस्तीतल्या नवरदेवाला कुणी घोडी देत नव्हतं. म्हणून तिच्या नवऱ्याने एक शिंगरू घेतलं आणि वाढवलं. मैनेवर बसून वस्तीतल्या पोरांच्या वराती निघाल्या. गावाने आधी दारं लावून घेतली, मग हळूहळू उघडली. हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. ख्रिस्ती होण्याआधी त्यांनाही कुणी घोडीवर बसू दिलं नसतं. मी चोरलं होतं ते काय, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा थोडं कळलं.

राहिलेलं तिने पावसाळ्यात सांगितलं. भूकंपात तिचा पाय मोडला, कितीतरी महिने सोलापूरच्या दवाखान्यात गेले. नवऱ्याचं प्रेत तिने पाहिलं नाही. किती जणांना एकत्रच अग्नी दिला होता. बरी होऊन ती छावणीत घोडीची चौकशी करायला गेली, तर वहीत बघून सांगितलं, ज्याची होती तो येऊन घेऊन गेला. "मंग मला कळलं, हे जित्ते हायेत," गयाबाई म्हणाली. "डोक्याला मार लागला आसंल, मला इसरले आसतील. तवापासनं हर वरातीतली घोडी बघती मी. तिला धरणाऱ्याचं तोंड बघती." तिने गळ्यातल्या काळ्या पोतीला हात लावला. "आन् आता तुमी सांगितलं, माळेगावला इकली त्यांनी. औंदा जत्रेला जाते. भेटतीलच."

मी ऐकत होतो. माझ्या एका सहीने ही बाई तीन वर्षं नवरा शोधत होती. माझ्या एका 'असेल'ने ती आता माळेगावला निघाली होती. सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जपून जा अक्का, गर्दी असते." आणि त्या रविवारी मी प्रार्थनेत तिच्या प्रवासासाठी देवाला विनंती केली, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

जत्रा मार्गशीर्षात. ती गेली तेव्हा मैनेजवळ बसायचं काम मला लावून गेली. "तुमीबी शिका. नुसतं बसायचं." मी बसलो. सुपात डाळ घेतली, घोडीकडे पाठ केली. पहिल्या दिवशी मानेवर मुंग्या आल्यासारखं झालं. मागे मी तीन वर्षं छळलेलं जनावर मोकळं उभं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. तिला लाथ घालायचा पुरा हक्क होता. तिने घातली नाही, पण जवळही आली नाही, कोपऱ्यात दूर उभी राहिली. तिथे बसल्या बसल्या मला बायबलमधलं ते गाढवीचं शिंगरू आठवलं, ज्याच्यावर आधी कुणी बसलं नव्हतं आणि ज्याच्यावर बसून प्रभू ओरडणाऱ्या गर्दीतून शहरात गेला. दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, मी पोरांना ही गोष्ट सांगत आलो. घोडेवाल्याचा पोर असून मला कधी प्रश्न पडला नाही की फांद्या, कपडे, आरडाओरडा, आणि न शिकवलेलं शिंगरू उधळलं कसं नाही? ज्या हाताने त्याला धरलं होतं, त्या हाताबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. मला देव म्हणजे वर बसून लगाम खेचणारा वाटायचा, माझ्यासारखा. म्हणून मी त्याच्यापुढे एवढ्या लांब प्रार्थना करायचो, म्हणजे त्याला मध्ये बोलता येऊ नये.

गयाबाई पाच दिवसांनी परत आली. तापाने फणफणलेली, आवाज बसलेला. जत्रेतल्या प्रत्येक घोडेवाल्याला तिने करंगळीचं विचारलं होतं. "पुढच्या साली गावतील," ती म्हणाली आणि पाठमोरी बसून डाळ निवडायला लागली. अंग कापत होतं, तरी हात चालू होते. मला ते सहन झालं नाही. कुठून बळ आलं ते सांगता येत नाही. माझं नव्हतं एवढं नक्की, माझं बळ तर खोटं बोलण्यातच संपलं होतं. मी तिच्या पाठीमागे उभा राहून म्हणालो, "अक्का, माळेगाव खोटं आहे." आणि सगळं सांगितलं. छावणी, कारकून, पाटीवरचं गाव, सही.

सूप थांबलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"म्हंजी करंगळी बी खोटी."

"हो."

"म्हंजी ते त्याच दिशी गेले."

ती उठली, फाटक उघडून गेली. सूप तिथेच राहिलं. मैना फाटकापर्यंत जाऊन खिंकाळत राहिली, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तिने पान वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

रविवारी साक्षीच्या वेळी मी उठलो. लोक घोडीची साक्ष ऐकायला सावरून बसले. मी ती साक्ष परत घेतली. चार वाक्यं लागली. आयुष्यातलं माझं सर्वांत लहान बोलणं तेच. कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी फक्त खाली बसायची खूण केली. पोरांना शिकवायचं काम मी त्याच दिवशी सोडलं. नाताळ आला, अंगणात चांदणी लावली, पण तिच्या उजेडात तोंड दाखवायची लाज वाटत होती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. गयाबाई होती. गळा मोकळा होता, पोत नव्हती. मला वाटलं, आता बोलेल, आणि मला ते हवंच होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पिशवीतली डाळ सुपात ओतली, अंगणाच्या मध्यावर आली आणि बसली. पण त्या दिवशी ती मैनेकडे पाठ करून बसली नव्हती. मैना तिच्या समोर होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

राग आहे, तोंड बघायचं नाही, असंच मला आधी वाटलं. मग मी तिच्या मानेकडे पाहिलं. पोतीच्या जागी फिकट रेघ राहिली होती. आणि ती डाळ निवडत होती, निवांत, मागे वळून न बघता. मागे तो माणूस उभा होता ज्याने तिचं सगळं लुटलं होतं, आणि तिने त्याला आपली पाठ देऊन ठेवली होती. मी गेलो आणि तिच्या शेजारी मातीत बसलो. तिने सूप माझ्याकडे सरकवलं.

"खडे लई निघालेत औंदा," ती म्हणाली. "निवडा."

मी निवडायला लागलो. डाळ दिसत नव्हती इतकं डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी ते वेळेवर आलेलं नव्हतं. मैना येऊन गयाबाईच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राहिली. माझ्याजवळ यायला तिला होळीपर्यंत वेळ लागला. एका सकाळी मानेवर गरम श्वास आला. मी हललो नाही.

त्या उन्हाळ्यात गयाबाईच्या नव्याने वसलेल्या गावात पहिलं लग्न झालं. मैना नुसत्या म्होरकीवर, लाल गोंडा लावून, हलगीपुढे चालली, आणि गयाबाई तिच्या पुढे. मी शेवटी होतो, पाण्याची घागर घेऊन. आता मैना नाही. म्हातारी होऊन आमच्याच अंगणात गेली. तो काटेरी लगाम लोहाराकडे नेऊन वितळवून घेतला. देवाच्या हवाली होणं म्हणजे त्याच्या हाती लगाम देणं, असं मी आधी लोकांना सांगायचो. आता एवढंच वाटतं की तो कधीचा आपल्याकडे पाठ करून बसला आहे, मारायचं असेल तर मारा म्हणून, आणि आपणच लांब कोपऱ्यात उभे आहोत. मला तिथून उठवायला त्याने जिला मी लुटलं तिलाच पाठवलं. याबद्दल त्याचे आभार कसे मानावे ते मला अजून नीट जमत नाही, म्हणून प्रार्थना लहान होते.

गयाबाई आता ऐंशीच्या पुढे आहे. मेस तिची भाची बघते. रविवारी उपासना सुटली की मी तिच्याकडे जातो. ती दाराकडे पाठ करून सूप घेऊन बसलेली असते, ऐकायलाही कमी येतं. मी चपला बाहेर काढतो, आवाज न करता आत जातो, आणि दर वेळी ती मागे न वळता म्हणते, "या दादा, बसा."